श्रावणचा कान

"ताराचंद, तू मेलेला माल विकून राह्यला!"

श्रावणनं हे भर बाजारात, ताराचंदच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून सुनावलं, आणि तेही इतक्या मोठ्यानं की समोरच्या चहावाल्याचा हात कपावरच थांबला. दुकानात गिऱ्हाइकं होती. एकाच्या हातात ट्रान्झिस्टर, दुसऱ्याच्या हातात नवी कॅसेट. दोघंही आ वासून बघत राहिले. ताराचंद गल्ल्याच्या मागे उभा होता. त्याच्या हातात वायरचं वेटोळं होतं, ते त्यानं तसंच धरून ठेवलं.

"काय झालं श्रावण? आत त ये."

"आत नाई येत. हे पाय." श्रावणनं खिशातून दोन ट्वीटर काढून पायरीवर आदळले. ट्वीटर म्हणजे स्पीकरच्या खोक्यात वरच्या बाजूला बसतो तो लहान स्पीकर. झांजा, घुंगरू, बासरीची फुंकर असले बारीक आवाज त्याच्यातून येतात. "कालच तुझ्याकडून नेले. नवे, खोक्यातले. सेल लावून पाह्यला, दोन्ही मेलेले. हे तिसऱ्या बारीनं होऊन राह्यलं. गिऱ्हाइकासमोर माझी इज्जत जाते, तुले समजते का?"

ताराचंदनं पुढे येऊन ट्वीटर उचलले. त्यांच्याकडे पाहिलं, मग श्रावणकडे पाहिलं. मग मान खाली घातली. चोर पकडला गेला की असाच दिसतो, असं श्रावणला वाटलं. पंधरा वर्षांचा दोस्त असा निघावा याचा त्याला धक्का बसला होता, तरी ट्वीटर त्याच्या हातून परत घेऊन खिशात टाकायला तो विसरला नाही. पुरावा हातचा कशाला सोडा?

वर्ध्यात तेव्हा, म्हणजे चौऱ्याऐंशी सालाच्या सुमाराला, श्रावणचा शब्द म्हणजे आवाजाच्या बाबतीत कोर्टाचा निकाल होता. नालवाडीतलं त्याचं घर साधंच, पण डॉक्टर असो, वकील असो की कॉलेजातला प्रोफेसर, घरी स्टिरिओ बसवायचं ठरलं की पहिला निरोप श्रावणला. लोक दुकानातून मनाला येईल तो ॲम्प्लिफायर आणायचे आणि दिसायला देखणे म्हणून भलतेच स्पीकर आणायचे, आणि मग दोघांचं पटेना की डोक्याला हात लावून बसायचे. श्रावण यायचा, मांडी घालून बसायचा, ॲम्प्लिफायर किती वॅटचा, स्पीकर किती ओहमचे ते मागच्या बाजूला वाकून बघायचा आणि सांगायचा, ही सोयरीक जमणार नाही. श्रावण बौद्ध. लग्नातल्या पत्रिका-बित्रिकांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, आणि तसं तो ब्राह्मणाच्या घरात बसूनही बेधडक सांगायचा. पण ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांची पत्रिका मात्र तो छत्तीस गुण मोजून जुळवायचा. चार ओहमचे स्पीकर आठ ओहमच्या मशीनला कोणी बांधले की तो असा खवळायचा की जणू त्याच्याच मुलीला फसवून दिली.

हे सगळं तो शिकला होता भोंग्यांखाली. तरुणपणी लग्नात, जयंतीच्या मिरवणुकीत, सभेत तो लाऊडस्पीकर लावायचा. मशीन बैलगाडीत, भोंगा गाडीच्या दांडीला आणि श्रावण त्या दोघांच्या मध्ये, भोंग्याच्या अगदी तोंडाशी. कितीतरी वर्षं. त्यातून वर येऊन त्यानं घरगुती सेटच्या कामात नाव काढलं होतं, आणि ते नाव एकाच गोष्टीवर उभं होतं. सेट जोडून झाला की तो डोळे मिटायचा, ऐकायचा, बारीक आवाज कमी-जास्त करायचं ट्रेबलचं बटण फिरवायचा, पुन्हा ऐकायचा, आणि मान हलवून म्हणायचा, "आता लागला." तो म्हणाला म्हणजे लागला. घरधनी चहा मागवायचे.

महादेवरावांच्या सेटनं मात्र त्याचा पिच्छा पुरवला होता. महादेवराव कापसाचे मोठे व्यापारी. व्यापाऱ्यांच्या संघटनेत ते नुसते खोकले तरी इतरांनी रुमाल काढावा असा वट. त्यांच्या दिवाणखान्यातल्या स्पीकरचे ट्वीटर एकदा जळाले, मग दुसरे गेले, आणि आता खोक्यातून काढलेले नवेही मुके निघाले. बाजारातला तमाशा संध्याकाळपर्यंत त्यांच्या कानावर गेला. त्यांनी निरोप पाठवला: उद्या रविवारी दुपारी ये, ताराचंदलाही बोलावलं आहे. माझ्यासमोर सांग. माल खोटा असेल तर त्याचं दुकान या गावात चालणार नाही, ते मी बघतो.

रविवारी सकाळी श्रावण दाराशी पोतं टाकून बसला होता. पुढ्यात ते दोन ट्वीटर आणि टॉर्चचा सेल. स्पीकर जिवंत की मेला हे बघायची धंद्यातली ही साधी रीत. सेलला दोन वायरी जोडायच्या आणि त्यांची टोकं स्पीकरच्या मागच्या दोन पत्र्यांना क्षणभर टेकवायची. मोठा स्पीकर असेल तर त्याचा पडदा हलताना दिसतो. ट्वीटरचा पडदा हललेला डोळ्याला दिसत नाही, त्याची नुसती बारीक 'टिक' ऐकू येते. श्रावणनं वायर टेकवली. काही नाही. पुन्हा टेकवली. काही नाही. महादेवरावांसमोर हेच करून दाखवायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं.

मीराबाई, त्याची बायको, दोन हातांच्या अंतरावर बसून तुरीची डाळ निवडत होती. तिचा हात सुपात थांबला होता.

"वाजून राह्यला न तो," ती म्हणाली.

"काय वाजून राह्यला?"

"ते तुमच्या हातातलं. तुम्ही वायर लावली का टिक करते."

श्रावण हसला. बायकोनं पावसाळ्याचा अंदाज सांगितला असता तर तो हसला असता तसाच. "तुले काय समजते त्यातलं? तू डाळ निवड."

"समजत नाई. पण आयकू त येते." मीराबाईनं सूप बाजूला ठेवलं. "ताराचंदभाऊचा माल खरा आहे जी. तुम्ही आज तिथं जाऊन त्यायले चोर म्हणू नोका."

श्रावणच्या कपाळाची शीर तडतडली. "त्यानं तुले शिकवून ठेवलं काय? काल येऊन गेला काय तो?"

"कोणी नाई आलं."

"मंग हो तिकडे तोंड करून बस. बस म्हणतो न! आता पाहूच कोण खोटं बोलून राह्यलं."

मीराबाई उठली आणि त्याच्याकडे पाठ करून भिंतीशी बसली. भिंतीवर सावली पडते, ती बघून सांगेल, म्हणून त्यानं तिला पदर डोळ्यांवरून ओढून घ्यायला लावलं. तिनं तेही केलं. मग श्रावणनं वायर टेकवली.

"वाजलं," मीराबाई म्हणाली.

अंदाज लागला असेल. त्यानं थोडा वेळ जाऊ दिला आणि टेकवली.

"वाजलं."

आता त्यानं डाव टाकला. पोत्यावर हात तसाच हलवला, वायर लावल्याचा सगळा आव आणला, पण वायर पत्र्याला लागू दिली नाही. मीराबाई गप्प. त्यानं पुन्हा तसंच खोटं केलं. ती गप्पच. तिसऱ्यांदा खोटं करताना तो मुद्दाम खाकरला. पदराआडून आवाज आला, "आता त तुम्ही लावलीच नाई." आणि त्यानं मुकाट्यानं खरीखुरी वायर टेकवली तर तो श्वास घ्यायच्या आत ती म्हणाली, "हे वाजलं."

दुसरा ट्वीटर घेतला, तेच. वायर उलटीसुलटी केली, तेच. सेल पोत्याखाली लपवला, नुसत्या पत्र्यांवर नखं घासली, तेव्हाही ती फसली नाही. श्रावण आयुष्यभर दुसऱ्यांच्या मशीनमधले दोष असेच चहूबाजूंनी कोंडून पकडत आला होता. आज त्यानं बायकोला पकडायला जाळं टाकलं, आणि जाळं ओढलं तर आत तो स्वतःच.

त्यानं ट्वीटर उजव्या कानाला लावला, दाबून धरला आणि वायर टेकवली. मग डाव्या. कुठं काही नाही. ट्वीटर मेलेला नव्हता.

"मीरा," तो म्हणाला. "कधीपासून?"

मीराबाईनं पदर मागे सारला. ती रडत होती. "आपल्या पोरीच्या लग्नाच्याही आधीपासून. कुकर तुमच्या बाजूले शिट्ट्या मारते अन् तुम्ही पेपर वाचत राह्यता. सकाळच्या चिमण्या तुमाले आयकू येत नाई. मी मागून कधी हाक मारत नाई, समोर येऊनच बोलते, ते काऊन?"

"अन् तू मले सांगितलं नाई?"

"कोण्या तोंडानं सांगू? तुमचं पोट त्या कानावर. लोक तुमाले कानावरून ओळखते."

"मंग आज काऊन सांगून राह्यली?"

"आज त्या माणसाचं दुकान जाईन."

श्रावण उठला. कशासाठी उठलो हे त्याला कळलं नाही, म्हणून पुन्हा बसला. घरात सगळं जागच्या जागी होतं, माठ, कंदील, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, आणि तरी त्याला वाटत होतं की आपण कोणाच्या तरी दुसऱ्याच्या घरात येऊन बसलो आहोत. किती वर्षं आपण डोळे मिटून ऐकतो आहोत आणि काय ऐकतो आहोत? त्याला भीती वाटली, खरीखुरी.

पण माणूस मोठा चिवट प्राणी. नालवाडीतून सायकल काढून महादेवरावांच्या बंगल्यापर्यंत पोचेस्तोवर श्रावणनं पळवाट शोधली होती, आणि ती काही अगदीच खोटी नव्हती. महादेवरावांचा ॲम्प्लिफायर लहान होता, स्पीकर मोठे. असलं लहान मशीन जोरात वाजवायला गेलं की ते दमतं, आवाज फाटतो, आणि त्या फाटक्या आवाजात ट्वीटर जळून जातात. दोष मशीनवर टाकायचा. ताराचंद सुटतो, आपणही सुटतो, आणि कानाची गोष्ट घरातल्या घरात राहते. पेडलवर पाय मारता मारता त्यानं वाक्यं पाठ केली.

दिवाणखान्यात महादेवराव सोफ्यावर बसले होते. ताराचंद कोपऱ्यातल्या खुर्चीच्या अगदी टोकावर. रात्रभर झोपला नसावा असा त्याचा चेहरा. महादेवरावांच्या पत्नी प्रमिलाबाई आतल्या दारात उभ्या होत्या.

"बोल श्रावण," महादेवराव म्हणाले. "तुझ्या शब्दावर आहे सगळं."

"भाऊसाहेब, मी जरा घाई केली," श्रावण म्हणाला. "ताराचंदचा माल बरा आहे. सोयरीकच चुकली. मशीन लहान, स्पीकर मोठे. जोर लावला का मशीनचा आवाज फाटते अन् ट्वीटर जळते. मोठं मशीन घ्या, पुन्हा तक्रार नाई येणार."

"अन् कालचे ते नवे? ते तर जळायच्या आधीच मेले होते म्हणतात."

"सेल उतरला होता माझा."

सेल उतरला होता! श्रावणला स्वतःचीच लाज वाटली. पण महादेवराव खूश झाले. त्यांना भांडणापेक्षा निकाल प्रिय. "बघ ताराचंद, उगाच घाबरला होतास. श्रावणसारखा कान या जिल्ह्यात नाही, म्हणून आपण त्याला मानतो. चल, बसव ते ट्वीटर, लाव काहीतरी."

श्रावणनं ट्वीटर बसवले. हात सवयीनं काम करत होते. सतारीची कॅसेट लावली, डोळे मिटले आणि ट्रेबलचं बटण फिरवलं. अजून थोडं. अजून. बटण शेवटाला टेकलं आणि त्यानं डोळे उघडले तेव्हा प्रमिलाबाईंनी पदराचा बोळा करून कानावर धरला होता. महादेवरावांचे दात आवळलेले होते. ताराचंद जमिनीकडे बघत होता.

श्रावणचा हात बटणावरच राहिला. बटणाच्या कडेला कुंकवाचा एक ठिपका होता. असा ठिपका त्यानं डॉक्टरांच्या सेटवर पाहिला होता, वकिलांच्या सेटवर पाहिला होता, प्रोफेसरांच्याही. खंडेनवमीला लोक सायकलीपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्याला हळदकुंकू लावतात, तसं मशीनचं कोणी पूजन केलं असेल, असं समजून तो मनात हसून सोडून देत आला होता. पण ठिपका प्रत्येक घरी बटणाच्या कडेलाच कसा? आणि बटणाशेजारी, मशीनच्या पत्र्यावर, पेन्सिलची बारीक रेघ कशाची?

"वहिनी, हे कुंकू पूजेचं न?" त्यानं विचारलं.

प्रमिलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं छताकडे पाहिलं.

"पूजेचं नाही, श्रावणभाऊ," त्या शेवटी म्हणाल्या. "राग नका मानू. तुम्ही गेले की आम्ही ते बटन मागं आणतो. ठिपका रेघेसमोर आला म्हणजे पुरे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं मला, त्यांना वकिलीणबाईंनी. तुमची जोडणी फार छान, तसं दुसऱ्या कोणाला जमत नाही. फक्त ते बटन तेवढं... कानात सुई टोचल्यासारखं होतं बघा."

सतार वाजतच होती. श्रावणला तिचा खालचा घुमारा ऐकू येत होता. बाकी जे काही चाललं होतं ते तिघांच्या चेहऱ्यांवर चाललं होतं. सगळ्या वर्ध्याला माहीत होतं. ज्या ज्या घरी तो "आता लागला" म्हणून चहा पिऊन बाहेर पडला होता, त्या त्या घरी त्याची सायकल वळणाआड गेली की कोणीतरी उठून बटण मागे घेत होतं. एवढं मोठं गाव इतकी वर्षं त्याच्याशी नाटक करत होतं, आणि पडदा पाडायला कोणाची जीभ उचलत नव्हती. त्यानं मशीनचा आधार घेतला.

मग त्याच्या डोक्यात जे आलं त्यानं त्याला उभ्या उभ्या थंड केलं. तो ताराचंदकडे वळला.

"तू मी याआधी परत केलेले ट्वीटर पाह्यले होते?"

ताराचंदनं मान हलवली. हो.

"वाजत होते?"

"जळाले होते ते जळालेच होते. पण काही वाजत होते."

"मंग तुले माहीत होतं. काल बाजारात मी तुले चोर म्हटलं, तेव्हाही माहीत होतं. अन् आताही. तुझं दुकान बुडालं असतं! तू बोलला काऊन नाई?"

ताराचंदनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि तो हळू आवाजात, पण श्रावणला दिसेल असं तोंड वर करून बोलला. "माल खोटा म्हटलं त मी हिंगणघाटले जाऊन दुकान टाकीन. तुझा कान गेला म्हटलं त तू कुठे जाशील?"

श्रावण रडला की काय ते कोणाला नीट कळलं नाही, कारण त्यानं पाठ फिरवून कॅसेट बंद केली. महादेवराव काहीतरी समजुतीचं बोलू लागले. झालं गेलं, आपल्या चौघांत राहील, कोणाला सांगायची गरज नाही. श्रावण त्यांच्यासमोर हात जोडून उभा राहिला.

"भाऊसाहेब, मी आता खोटं बोललो. सेल उतरला नोता. माझा कान उतरला आहे. अन् मी त्याले चोर तुमच्या दिवाणखान्यात नाई म्हटलं, बाजारात म्हटलं."

त्यानं ताराचंदचं मनगट धरलं आणि त्याला खुर्चीवरून जवळजवळ ओढतच बाहेर नेलं. रविवारचा बाजार भरला होता. ताराचंदच्या दुकानाच्या त्याच पायरीवर तो चढला आणि समोरच्या चहावाल्याला, चहा पिणाऱ्यांना, वाटेनं जाणाऱ्या-येणाऱ्यांना ओरडून सांगू लागला की ताराचंदचा माल खरा आहे, खोटा मी आहे, मला बारीक आवाज ऐकू येत नाही, कितीक वर्षांपासून येत नाही. गरजेपेक्षा फार मोठ्यानं बोलत होता तो. लोक थांबले. एक बाई पिशवी खाली ठेवून तोंडाला पदर लावून उभी राहिली. चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला. कोणी हसलं नाही, हेच श्रावणला सगळ्यात जड गेलं.

सांगून झाल्यावर तो पायरीवरच बसला. ताराचंद शेजारी बसला आणि रस्त्याकडे बघत काहीतरी म्हणाला. आजपर्यंत अशा वेळी श्रावण मान हलवायचा, हसायचा, किंवा समोरचा काय म्हणाला असेल ते ताडून काहीतरी ठोकून द्यायचा. आपण असं करतो हेही त्याला त्याच क्षणी समजलं.

"काय म्हटलं?" त्यानं विचारलं. "मले नाई आयकू आलं. इकडे पाहून सांग."